गेलनने निवडलेली चाकं

गेलन कुडर्नाने चार चाकं निवडायला अडीच महिने घेतले, आणि गावाने त्याची यथेच्छ टिंगल केली. बायको निवडताना एवढा वेळ लावला असतास तर ती टिकली असती, असं लायलने टायरच्या दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर सुनावलं आणि गेलनही इतरांबरोबर हसला. लायलचं बोलणं त्याला कधी लागत नसे. तीस वर्षांची दोस्ती होती. बायको सोडून गेली तेव्हा पहिले दोन आठवडे गेलन जेवायला लायलच्याच घरी होता.

ट्रक डेल्बर्टचा होता. पांढरा, पाऊण टनी, नऊ वर्षं वापरलेला, पाठीवर गवताच्या गोल गाठी उचलायचे दोन लोखंडी हात बसवलेला. डेल्बर्ट म्हणजे रँचचा मालक, वय चौऱ्याऐंशी. गेलन त्याचा एकतीस वर्षांचा गडी. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत पाचशे गाई दोन माणसांनी सांभाळायच्या म्हणजे काय, ते सांभाळणाऱ्यालाच ठाऊक. जानेवारीत वारा कातडं सोलत असताना चारा टाकायचा, मार्चमध्ये अडलेल्या गाईंची वासरं ओढून काढायची, मेमध्ये वासरांच्या अंगावर मालकीचे डाग द्यायचे, आणि वर्षभर कुंपणं. गेलनने हे सगळं एकतीस वेळा केलं. बदल्यात पगार, वर्षाला अर्ध्या गाईचं मटण आणि राहायला गड्याचं घर. घर अर्थातच रँचचं. साठी उलटली तेव्हा त्याच्या स्वतःच्या मालकीचं म्हणावं तर एक खोगीर, एक बंदूक आणि एक म्हातारी कुत्री.

मग ऑक्टोबरात डेल्बर्ट गोठ्यात पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. गाडी चालवणं संपलं. तेव्हापासून गेलन चालवायचा आणि म्हातारा शेजारी बसून वळणावळणाला चुका काढायचा. असेच एकदा दोघे लायलच्या दुकानी मागचं पंक्चर काढायला गेले. लायलने टायर उलटसुलट करून पाहिलं आणि हे आता ठिगळावर चालायचं नाही, चारही बदला, म्हणाला. डेल्बर्ट खुर्चीत काठी टेकून बसला होता.

"मला काय विचारतोस," तो लायलला म्हणाला. "याला विचार. मी गेल्यावर ट्रक याचाच आहे. गेलन, तुला हवी ती चाकं घाल, पण पैसे तू भर. माझ्यापेक्षा जास्त दिवस तूच फिरणार आहेस त्यांच्यावर."

दुकानात तेव्हा ते तिघंच होते.

आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल, तिथल्या तिथे मालकीचा कागद मागायचा होता, मागच्या बाजूला म्हाताऱ्याची सही घ्यायची होती, मिटलं असतं. अहो, पण आमच्याकडे शब्द दिलेल्या माणसाकडे कागद मागणं म्हणजे तोंडावर त्याला खोटारडा म्हणणं. इथे पाचशे गुरांचे सौदे हातात हात देऊन होतात. कागद मागणाऱ्याला पुढच्या वर्षी डाग द्यायला कुणी बोलवत नाही, आणि स्वतःच्या वासरांना त्याने एकट्याने डाग देत बसावं. गेलनने म्हाताऱ्याचा हात हातात घेतला, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवसापासून चाकं निवडायला लागला.

नुसती चाकं तो निवडत नव्हता, हे गावाला कळलं नाही. पुढे कसं जगायचं ते तो निवडत होता. टेकड्यांत छोटी छोटी रँचं बरीच आहेत, म्हाताऱ्या जोडप्यांची, विधवा बायकांची, ज्यांच्याकडे गाठी उचलायचं साधन नाही. हिवाळ्यात त्यांचा चारा टाकायचा, उन्हाळ्यात मिठाच्या लाद्या आणि जळाऊ लाकूड पोचवायचं, गावात दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या. सकाळी उठून आज कुणाकडे जायचं ते स्वतः ठरवायचं. एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःचा मालक स्वतः. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती, एकट्या लायलला सोडून.

लायलला चकचकीत वीस इंची चाकं गळ्यात मारायची होती, आणि त्यांवर पस्तीस इंच उंचीची रुंद टायरं. पोरं तीच घालतात, म्हणाला, ट्रक उभा राहिला की लोक मागे वळून बघतात. गेलन म्हणाला, मला लोकांनी वळून बघायला नकोय, मला वाळूतून वर यायचंय. वाळूत जायचं तर टायरातली हवा कमी करावी लागते, म्हणजे ते पसरतं आणि वाळूवर तरंगतं. त्यासाठी टायराला पोट हवं. चाक जेवढं मोठं तेवढं टायराचं पोट कमी, हे शेंबड्या पोरालाही कळतं. शिवाय पस्तीस इंची टायर वळताना मडगार्डाला घासणार, इंजिनाला जड जाणार. चाक मडगार्डाच्या बाहेर आलं तर वाळू दारांवर उडणार आणि बेअरिंग लवकर खाणार. त्याने सतरा इंचीच चाक धरलं. मूळच्या टायरापेक्षा दीड इंच रुंद आणि इंचभर उंच टायर, त्याहून काडीभर जास्त नाही. काटा साठ दाखवेल तेव्हा गाडी बासष्टने पळेल, एवढाच फरक.

मग चाक पोलादी की मिश्रधातूचं, यावर तीन आठवडे गेले. डेल्बर्टला पोलादी हवं होतं, कारण पोलाद वाकतं आणि घणाने सरळ करता येतं. मिश्रधातू हलका, पण खडकावर आपटला की तडकतो. गेलनचं म्हणणं, आपल्याकडे खडक आहेत कुठे. म्हाताऱ्याने यावर दोन दिवस विचार केला आणि तेही खरंच, असं कबूल केलं. पण वजनाच्या बाबतीत दोघांचं एकमत होतं. पाठीवर तेरा-चौदाशे पौंडांची गाठ, मागे गुरांचा ट्रेलर. टायर दहा पदरीच पाहिजे, आणि टायर जेवढं पेलतं तेवढंच चाकाने पेललं पाहिजे. दिसायला देखणी चाकं पुष्कळ होती. मागच्या बाजूला कोरलेला भाराचा आकडा वाचला की त्यांचं देखणेपण संपायचं. गेलन चष्मा लावून एकेक चाक उलटं करून तो आकडा वाचायचा. मधलं भोक बरोबर बसतं का, ते टेप लावून मोजायचा. लायल जांभया द्यायचा.

फेब्रुवारीच्या मध्याला चाकं बसली. करडी, मॅट, बिनचमक. महिन्याभराच्या पगाराहून थोडे कमी पैसे गेले, आणि जुनी चाकं लायलने ठेवून घेतली. तिथून ते थेट उत्तरेच्या कुरणात गेले, जिथे दरवर्षी ट्रक अडकायचा आणि ट्रॅक्टर आणावा लागायचा. गेलनने हवा कमी केली, पाठीवर गाठ घेतली आणि टेकडी चढून वर गेला. न थांबता. वर पोचल्यावर डेल्बर्टने काच खाली करून पुढच्या चाकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "चांगली निवडलीस." एकतीस वर्षांत म्हाताऱ्याने त्याची केलेली ही दुसरी तारीफ. पहिली कशाबद्दल होती ते दोघांनाही आठवत नव्हतं.

मेमध्ये डेल्बर्ट झोपेत गेला. चर्चमध्ये सगळा तालुका जमला आणि मेल्या म्हशीला मणभर दूध या न्यायाने जो तो म्हाताऱ्याच्या दिलदारीचे गोडवे गात होता. गेलन मागच्या बाकावर बसला होता. त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि ते गोड बोलून हलकं होण्यातलं नव्हतं.

रँच मुलीकडे आणि मुलाकडे आलं. मुलगा ॲरिझोनात, तो अंत्यविधीला आला आणि दुसऱ्या दिवशी गेला. मुलगी रेने डेन्व्हरला शाळेची मुख्याध्यापिका होती. तिने सगळा कारभार हातात घेतला. जमीन शेजारच्या मोठ्या रँचला विकायची, गाई बाजारात, आणि यंत्रं, अवजारं, गाड्या यांचा ऑक्टोबरात जागेवरच लिलाव. गड्याचं घर त्याच महिनाअखेर रिकामं. बाई वाईट नव्हती, तिला वाईट ठरवून गेलनला बरं वाटलं असतं तर गोष्ट वेगळी. ट्रकचं त्याने सांगितलं तेव्हा तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मृत्युपत्रात तसं काही नाही, म्हणाली, आणि भाऊ प्रत्येक गोष्टीत अर्धा वाटा मोजतो. पण बाबा असं बोलले तेव्हा आणखी कुणी हजर असेल, तर त्यांच्याकडून तीन ओळी लिहून आणा. भावाला मी गप्प करते.

गेलनचा जीव भांड्यात पडला. हजर होता ना, लायल होता.

तो तडक दुकानी गेला. लायलने हातातलं काम बाजूला ठेवलं, कॉफी ओतली आणि दार लावून घेतलं. ऐकलं ना, म्हणाला, शब्दन् शब्द ऐकलाय मी. पण लिहून देणं म्हणजे वारसांच्या भांडणात पडणं. उद्या तो ॲरिझोनावाला वकील घेऊन येईल आणि मला कोर्टात उभं करील. म्हातारा पडल्यापासून गोळ्या खात होता, शुद्धीवर होता का, असं विचारतील. मी काय सांगू? गेलन म्हणाला, होता म्हणून सांग, तू पाहिलं आहेस. लायलने पेला फिरवला.

"कागदाच्या नादी लागू नकोस, गड्या. लिलाव आपल्या गावात आहे. तुझ्याविरुद्ध कोण हात वर करणार आहे? मी स्वतः एकेकाला सांगतो. तू पहिली बोली लाव, बाकी सगळे हात खिशात घालून उभे राहतील. ट्रक तुला मातीमोल भावात मिळेल, आणि कुणाच्या उपकाराशिवाय."

हे खोटं नव्हतं. आमच्याकडे ही रीत आजोबा-पणजोबांच्या काळापासून आहे. एखादी वस्तू कुणाची आहे हे सगळ्यांना माहीत असलं, तर लिलावात त्या माणसावर कुणी बोली चढवत नाही. पलीकडच्या खोऱ्यात एका विधवेने नवऱ्याचं खोगीर एका डॉलरला परत घेतलं होतं. दोनशे माणसं उभी होती आणि लिलाववाला घसा सुकेपर्यंत ओरडत होता. त्या दिवशी गेलनही हात खिशात घालून उभा होता. त्याला ती आठवण झाली, आणि एवढ्या माणसांसमोर ट्रक आपला व्हावा हे त्याला तीन ओळींच्या कागदापेक्षा बरं वाटलं. त्याने रेनेला कळवलं की राहू द्या, मी लिलावातच घेतो. तिने दोनदा विचारलं, नक्की ना? दोनदा तो नक्की म्हणाला.

लायलने शब्द पाळला. कॉफीच्या टेबलावर, गुरांच्या बाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर, जो भेटेल त्याला त्याने सांगितलं की ट्रक गेलनचा आहे, कुणी मध्ये पडू नका. लोक रस्त्यात गेलनला थांबवून काळजी करू नकोस म्हणायला लागले. आपल्याला एवढी माणसं आहेत हे साठ वर्षांत त्याला कधी जाणवलं नव्हतं.

लिलावाच्या दिवशी वारा होता. अंगणात गवतगाड्यांवर नटबोल्टांचे पाने, साखळ्या, घमेली मांडली होती. चर्चमधल्या बायका शेडमध्ये बीन्स-मटणाचा तिखट रस्सा आणि बरोबर दालचिनीचे गोड रोल विकत होत्या. गेलनने सकाळी ट्रक धुतला होता. त्याच्या बँकेत नऊ हजार होते, आणि सगळ्यांचं म्हणणं, चार-पाचात काम होईल.

एक गोष्ट मात्र त्या विधवेच्या खोगिराच्या वेळी नव्हती. लिलाववाल्याच्या गाडीत एक मुलगी लॅपटॉप मांडून बसली होती आणि घरबसल्या बोली लावणाऱ्यांचे आकडे ओरडून सांगत होती. जाहिरातीत ट्रकचे सहा फोटो टाकले होते, त्यांतले तीन नुसत्या चाकांचे. लिलाववाल्याने सुरुवातही तिथूनच केली. चाकं बघा, म्हणाला, नवी, सतरा इंची, दहा पदरी टायरं, ज्याने निवडली त्याला अक्कल होती.

गेलनने तीन हजारांवर बोलीचं कार्ड वर केलं. दीडशे माणसं बुटांकडे बघत उभी होती, प्रत्येकाचे हात जॅकेटच्या खिशात. त्या क्षणी गेलनला रडू फुटेल असं वाटलं. तेवढ्यात गाडीतली मुलगी म्हणाली, चार.

गेलन पाच म्हणाला. मुलगी सहा म्हणाली. लोक कुरकुरले. कुणीतरी परका असणार, चाकांचे फोटो बघून भुललेला, कॅन्ससचा नाहीतर कुठला. गेलन सात म्हणाला आणि मुलीने मान वर न करता आठ सांगितले. लायल त्याच्यापासून दहा पावलांवर शेडच्या खांबाला टेकून उभा होता, इतरांसारखाच, हात खिशात. गेलनने नऊ हजार म्हटलं तेव्हा त्याचा आवाज चिरकला. लिलाववाल्यानेही घाई केली, भल्या माणसाने हातोडी जवळजवळ खाली आणली. साडेनऊ, मुलगी म्हणाली.

संपलं. एकेक जण येऊन गेलनच्या खांद्यावर हात ठेवून गेला. लायलही आला. या इंटरनेटने सगळ्याची माती केली, म्हणाला, आणि त्याने गेलनला रोल खाऊ घातला. गेलनने तो खाल्लाही.

घेणारे लोक माल न्यायला आठवडाभर येणार होते. रेनेला शाळेत परतायचं होतं, म्हणून तिने ते काम गेलनवर सोपवलं, पैसेही देऊ केले. पावतीवरचा क्रमांक जुळवायचा, वस्तू हवाली करायची. गेलन रोज सकाळी ट्रकजवळ खुर्ची टाकून बसे. कॅन्ससच्या त्या माणसाला काय काय सांगायचं ते त्याने मनाशी ठरवलं होतं. वाळूत जाणार असशील तर हवा किती ठेवायची, मागे गाठ असेल तर किती. त्या माणसाचा राग त्याला येत नव्हता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

गुरुवारी दुपारी लायलच्या बायकोची गाडी अंगणात आली. तिने लायलला उतरवलं, गेलनकडे न बघताच गाडी वळवली आणि निघून गेली. लायलच्या हातात पावती होती.

गेलनने ती घेतली, क्रमांक वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. कुंपणच शेत खातं ते असं, आणि खाताना आजूबाजूच्या गाईंना हाकलून लावतं. गावाला गप्प बसवून यानेच मैदान मोकळं केलं आणि खिशातल्या खिशात अंगठ्याने बोली लावली. दहा पावलांवर उभा राहून.

"फोनवर?" एवढंच तो म्हणाला.

"हे बघ, कुणीतरी बाहेरचा घेणारच होता," लायल म्हणाला. "पहिल्या तीन बोली माझ्या नव्हत्या, देवाशप्पथ. तू नऊवर थांबणार हे मला माहीत होतं, तूच सांगितलं होतंस. म्हटलं, परक्याच्या घशात जाण्यापेक्षा आपल्यात राहू दे."

पहिल्या तीन बोली कुणाच्या, हे आता कोण बघणार. गेलनने विचारलं, तीस वर्षांत तुझं मी काय वाईट केलं? लायल ट्रकला वळसा घालून आला, वाकून त्याने एका टायराच्या पोटावरून हात फिरवला. धंदा बसतोय, म्हणाला. गावात आता कुणी टायर बदलायला येत नाही, रँचवाल्यांना दुकान दारात हवं असतं. वाळूत जाणारी गाडी हवी होती, आणि अशी गाडी या तालुक्यात ही एकच आहे. तू तयार केलेली. मला काय सोपं गेलं का?

वाऱ्याने पावती फडफडत होती. गेलनने ती मुठीत धरली होती. लायल सरळ उभा राहिला, आणि यायच्या आधीच ठरवून ठेवलेलं बोलला.

"मला या टेकड्यांतले रस्ते येत नाहीत, आणि माझी पाठ गेली आहे. तू चालव. रोज. तासावर पैसे देईन, आणि दुकानाच्या मागची खोली मोकळी आहे, कुत्रीला पण घेऊन ये. ट्रक तुझ्याच हाताखाली राहील, गेलन. नावावर कुणाच्या का असेना."

गेलनला त्याला मारावंसं वाटलं. हात वळलाही, पण साठीतला माणूस साठीतल्या माणसाला मारतो ते बघवत नाही, आणि बघायला तिथे कुणी नव्हतंच. घर एकतीस तारखेला सोडायचं होतं. नऊ हजारांत दुसरा ट्रक आला असता, जुना, गाठींच्या हातांशिवाय, आणि मग खोलीचं भाडं, डिझेल, हिवाळा. हे गणित तो आठवडाभर रोज मांडत होता आणि ते रोज तेवढंच कमी पडत होतं. लायललाही ते गणित ठाऊक होतं. त्याच्याच दुकानात बसून गेलननेच ते त्याला सांगितलं होतं.

गेलनने खिशातून किल्ली काढली. लायलने हात पुढे केला, पण त्याने ती हातात दिली नाही, बॉनेटवर ठेवली.

"सोमवारी किती वाजता यायचं?" त्याने विचारलं.

सात, लायल म्हणाला, आणि सुटल्यासारखा हसला. तो ट्रकमध्ये बसला, सीट पुढे ओढली आणि निघाला. फाटकापाशी चाक रस्ता सोडून वाळूत गेलं आणि ट्रक जरासाही न रुतता बाहेर आला. गेलनने खुर्ची मिटली आणि उरलेल्या वस्तूंची यादी बघायला तो शेडकडे गेला.